एल-१५४४: चुंबकाने ढग धरून ठेवला होता का?

मार्गशीर्षातल्या रात्री रोहिणीपासून वृषभाच्या उत्तरेकडच्या शिंगाच्या टोकाकडे, म्हणजे अग्नी ताऱ्याकडे, नजर सरकवत न्यायची. अर्ध्याहून थोडं पुढे गेलं की एक जागा येते जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. दुर्बिणीतूनही काही दिसत नाही, आणि तीच त्या जागेची खूण. मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवणारा धुळीचा आणि वायूचा एक गार गोळा तिथे आहे. बेव्हर्ली लिंड्स यांनी पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रांवरून अशा काळ्या डागांची यादी १९६२ साली छापली. त्यात याचा क्रमांक १५४४, म्हणून नाव एल-१५४४. जुन्या शोधनिबंधांत याचं अंतर साडेचारशे प्रकाशवर्षं असतं. गाया यानाच्या मोजमापांनंतर ते साडेपाचशेच्या आसपास गेलं.

आत अजून तारा नाही. कवचाचं तापमान शून्याखाली २६३ अंश सेल्सिअस, म्हणजे दहा केल्विनच्या घरात, आणि गाभ्यात त्याहूनही कमी. मध्यभागी एका घनसेंटीमीटरमध्ये दहा लाखांहून जास्त हायड्रोजनचे रेणू आहेत. आपल्या हवेच्या मानाने ही निर्वात पोकळीच, पण आकाशगंगेच्या मानाने तुडुंब गर्दी. तारा जन्मायच्या अगदी आधीची ही अवस्था. ती इतक्या जवळ आणि इतक्या निवांत जागी बघायला मिळत असल्यामुळे गेली पंचवीस-तीस वर्षं जवळपास प्रत्येक मोठ्या रेडिओ दुर्बिणीने इकडे तोंड वळवलं आहे.

एवढ्या सगळ्या खटपटीमागे प्रश्न एकच आहे. हा वायू आता आत कोसळतो आहे. मग इतके दिवस तो कोसळला का नाही? त्याला कोणी धरून ठेवलं होतं का?

प्रश्न जुना आहे. आकाशगंगेत रेणवीय ढगांच्या रूपात सुमारे शंभर कोटी सूर्यांएवढा वायू आहे. त्याला स्वतःच्या गुरुत्वाच्या भरवशावर मोकळं सोडलं तर काही दशलक्ष वर्षांत तो कोसळून त्याचे तारे व्हायला हवेत. तसं झालं असतं तर वर्षाला काहीशे सूर्यांएवढे तारे जन्मले असते. प्रत्यक्षात एक-दोन सूर्यांएवढेच जन्मतात. ही तफावत झुकरमन आणि इव्हान्स यांनी १९७४ साली चव्हाट्यावर आणली. कुठेतरी ब्रेक लागलेला आहे हे सगळ्यांना मान्य होतं. ब्रेक कोणाचा, यावर दोन तट पडले. एक तट खळबळीचा, म्हणजे वायूतल्या उलथापालथीचा. दुसरा चुंबकत्वाचा.

चुंबकवाल्यांची मांडणी सुरेख होती आणि तिचा पाया १९५६ साली मेस्टेल आणि स्पिट्झर यांनी घातला होता. ढगातल्या कणांपैकी अगदी थोडे विद्युतभारित असतात, कोटीत एखादा. वैश्विक किरण येऊन आदळतात तेव्हा ते तयार होतात. हे भारित कण चुंबकीय रेषांना बांधलेले असतात. बाकीचे कोट्यवधी उदासीन रेणू चुंबकाला जुमानत नाहीत, पण आत घसरताना वाटेत या भारित कणांवर आदळत राहतात. त्यामुळे त्यांचं घसरणं अत्यंत मंद होतं. भौतिकशास्त्रात याला अँबिपोलर डिफ्यूजन म्हणतात. नाव अवघड असलं तरी क्रिया आपल्या स्वयंपाकघरातली आहे. श्रीखंडासाठी दही पंचात बांधून टांगतो तेव्हा पाणी धो-धो गळत नाही, रात्रभर थेंबथेंब निथळतं. पंचा घट्ट विणीचा असेल तर सकाळपर्यंतही पुरता चक्का होत नाही. इथे पंचा म्हणजे चुंबकीय क्षेत्र आणि निथळणारं पाणी म्हणजे उदासीन वायू. फरक एवढाच की इथला पंचा स्वतःही थोडा आत ओढला जातो. या मंद निथळण्याला मुक्त पतनाच्या दसपट वेळ लागतो असा हिशेब होता. तारे इतके कमी का जन्मतात, याचं उत्तर हातात आल्यासारखं वाटत होतं.

हे खरं की खोटं ठरवायला एक आकडा लागतो: ढगात वस्तुमान किती आणि त्यातून जाणारं चुंबकत्व किती, यांचं गुणोत्तर. गुणोत्तर एका ठरावीक मर्यादेखाली असेल तर चुंबकत्व भारी पडतं आणि ढग कोसळू शकत नाही. मर्यादेच्या वर गेलं की गुरुत्व जिंकतं आणि मग चुंबकत्व कितीही खेचलं तरी त्याला थोपवता येत नाही. पुढची सगळी भांडणं या एका अपूर्णांकावर आहेत. त्याचा अंश मोजणं तुलनेने सोपं: धूळ किती, रेणू किती, यावरून वस्तुमान काढता येतं. छेद मोजताना मात्र भल्याभल्यांची गाळण उडते.

दहा हर्ट्झ

पुण्यात होकायंत्राची सुई ज्या क्षेत्रामुळे वळते ते सुमारे ०.४ गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, मायक्रोगॉस त्याचा दहा लाखावा भाग). एल-१५४४ भोवतीचं क्षेत्र याच्या लाखाव्या हिश्शाएवढं, म्हणजे काही मायक्रोगॉस. साडेपाचशे प्रकाशवर्षांवरून हे मोजायचं कसं?

एक मार्ग पीटर झीमन यांनी १८९६ साली प्रयोगशाळेत सापडवलेल्या परिणामाचा. चुंबकीय क्षेत्रात अणूची एक वर्णरेषा, म्हणजे त्याच्या प्रकाशाची एक ठरावीक वारंवारता, फुटून तिच्या अनेक होतात. हायड्रोजन अणूची २१ सेंटीमीटरची रेषा घ्या. आपल्या खोडदच्या जीएमआरटीच्या तबकड्या हीच रेषा ऐकतात. तिची वारंवारता सुमारे १४२ कोटी हर्ट्झ. एका मायक्रोगॉसमागे तिचे दोन घटक २.८ हर्ट्झने एकमेकांपासून दूर सरकतात. क्षेत्र चार मायक्रोगॉसचं असेल तर फट पडते दहा-अकरा हर्ट्झची. आणि रेषेची स्वतःची रुंदी किती? वायूच्या हालचालीमुळे ती काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेली असते. म्हणजे मैदानाएवढ्या रुंद पट्ट्यात बोटभर फट शोधायची आहे, आणि तीही गोंगाटात.

ती डोळ्यांना कधीच दिसत नाही. युक्ती अशी की फुटलेले दोन घटक उलटसुलट वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे असतात, म्हणजे त्यांच्या लहरी उलट दिशांना गिरक्या घेत येतात, एक उजव्या हाताचा, दुसरा डाव्या. दुर्बीण दोन्ही वेगवेगळे नोंदवते आणि एकातून दुसरा वजा करते. क्षेत्र नसेल तर उरतो नुसता गोंगाट. क्षेत्र असेल तर गोंगाटात आडवा पडलेला एक बारीक ‘एस’ उमटतो: रेषेच्या एका उतारावर टेकडी, दुसऱ्या उतारावर खळगा. त्याची उंची म्हणजे क्षेत्राची ताकद. आणि टेकडी डावीकडे की उजवीकडे, यावरून क्षेत्र आपल्याकडे येतं आहे की दूर जातं आहे तेही कळतं. हे आलेख मला वर्षानुवर्षं फसवे वाटत आले आहेत. एवढ्या पुसट वळणावर एवढे मोठे निष्कर्ष! पण त्याच वळणाशिवाय दुसरं थेट साधन नाही हेही खरं. शिवाय हा मार्ग फक्त आपल्या नजरेच्या दिशेतला घटक सांगतो. क्षेत्र आडवं असेल तर झीमन गप्प बसतो.

२००० साली रिचर्ड क्रचर आणि थॉमस ट्रोलंड यांनी पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या ३०५ मीटरच्या तबकडीने हे माप एल-१५४४च्या गाभ्याकडे घेतलं. त्यांनी हायड्रोजनऐवजी हायड्रॉक्सिल रेणूच्या रेषा वापरल्या, कारण हा रेणू अणुरूप हायड्रोजनपेक्षा दाट वायूत राहतो. उत्तर आलं सुमारे ११ मायक्रोगॉस. गुणोत्तर मर्यादेच्या जवळपास. ढगाचं झुकणं किती धरायचं यावर ते इकडचं की तिकडचं ठरत होतं.

त्याच सुमारास दुसरा मार्गही खुला झाला. धुळीचे लांबट कण चुंबकीय रेषांना आडवे उभे राहतात, त्यामुळे त्यांच्या उष्ण प्रारणाला एक दिशा मिळते. ताऱ्यांच्या प्रकाशाचं असं ध्रुवीकरण १९४९ मध्येच हॉल आणि हिल्टनर यांना दिसलं होतं. या दिशांच्या विस्कळीतपणावरून क्षेत्राची ताकद काढायची रीत चंद्रशेखर आणि फर्मी यांनी १९५३ साली मांडली. लाहोरात जन्मलेल्या चंद्रशेखरांनी चुंबकत्वाला हात घातला की त्यातून काहीतरी टिकाऊ निघायचं. क्षेत्र ताठ असेल तर वायूची खळबळ रेषांना फार वाकवू शकत नाही, ढिलं असेल तर वाटेल तशी वाकवते, असा त्यामागचा विचार. हवाईच्या मौना केआवरून डेरेक वॉर्ड-थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी एल-१५४४च्या धुळीचा असा नकाशा काढला. रेषा बऱ्यापैकी सरळ आणि शिस्तीत होत्या. २००४ साली क्रचर मंडळींनी त्यावरून आकाशाच्या प्रतलातलं क्षेत्र सुमारे १४० मायक्रोगॉस काढलं.

एकाच ढगात ११ आणि १४०? यात अंतर्विरोध नाही. हायड्रॉक्सिल बाहेरच्या विरळ थरात मोजतो, धूळ आतल्या दाट गाभ्यात. वायू दाबला गेला की क्षेत्रही दाबलं जातं. त्यातून पहिला आकडा नजरेच्या दिशेतला आणि दुसरा आडवा. पण त्याच नकाशात एक खुपणारी गोष्ट होती. पंचाच्या सिद्धांतानुसार ढग रेषांच्या दिशेने चपटा व्हायला हवा, म्हणजे रेषा ढगाच्या छोट्या अक्षाला समांतर दिसायला हव्यात. त्या सुमारे तीस अंशांनी तिरक्या होत्या. शंतनू बसू यांनी दाखवलं की ढग तीन अक्षांचा, जरा वेडावाकडा असेल तर नुसत्या बघण्याच्या कोनामुळेही असा तिरकेपणा दिसतो. उत्तर बरोबर असेल. तरी असं ‘बघण्याचा कोन’ म्हणून सुटका करून घेणारं उत्तर माझ्या मनाला पुरतं पटत नाही.

फार लवकर, फार दुरून

चुंबकवाल्यांना खरा धक्का वायूच्या गतीने दिला, आणि तोही याच ढगात. १९९८ साली मारिओ ताफाया आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एल-१५४४चा वायू नुसत्या मध्यातच नाही, तर खूप दूरवर, सुमारे एक-तृतीयांश प्रकाशवर्षाच्या पसाऱ्यात आत सरकतो आहे. वेग सेकंदाला सुमारे ०.१ किलोमीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. आपल्याला हा वेग बुलेट ट्रेनचा वाटेल, पण त्या गार वायूत आवाजाच्या वेगाच्या तो निम्मा. अडचण अशी की कोणत्याच प्रचलित चित्रात हे बसत नव्हतं. आधी मध्य कोसळतो आणि मग कोसळण्याची लाट बाहेर पसरते, असं फ्रँक शू यांचं १९७७चं चित्र. त्यात तारा नसताना एवढ्या लांबचा वायू हलायला नको. आणि पंचातून निथळण्याच्या चित्रात वायू हलला तरी इतक्या वेगाने हलायला नको.

सिओलेक आणि बसू यांनी २००० साली सिद्धांताची बाजू सावरली. सुरुवातीचं गुणोत्तर मर्यादेच्या अगदी थोडं खाली धरलं, म्हणजे पंचा सैल विणीचा धरला, तर ते वेग निघतात असं त्यांनी गणिताने दाखवलं. हिशेब चोख होता. पण त्या तडजोडीत मूळ सिद्धांताचा प्राण थोडा गेलाच. विण इतकी सैल असेल तर मग ब्रेक लागतो कुठे?

हा ढग रसायनशास्त्रानेही चांगलाच खणून काढला आहे. पाओला कासेली यांच्या गटाने १९९९ साली दाखवलं की गाभ्यात कार्बन मोनॉक्साइड वायूच्या रूपात उरलेलाच नाही, तो गोठून धुळीच्या कणांवर बर्फ होऊन बसला आहे. म्हणजे ढग मोजायचं सगळ्यांचं हुकमी साधनच ऐन मोक्याच्या जागी गायब. २०१२ साली हर्शेल दुर्बिणीला तिथे पाण्याची वाफ सापडली, पृथ्वीवरचे महासागर दोन हजारांहून जास्त वेळा भरतील इतकी. त्या वाफेच्या वर्णरेषेचा आकारही वायू आत पडत असल्याचीच साक्ष देत होता.

मग २००९ साली क्रचर, हॅकोबियन आणि ट्रोलंड यांनी थेट परीक्षा घ्यायची ठरवली. पंचाची कल्पना खरी असेल तर एक भाकीत अटळ आहे. निथळून आत आलेल्या वायूने आपलं चुंबकत्व बाहेर सोडलेलं असणार, म्हणून वस्तुमान आणि चुंबकत्वाचं गुणोत्तर गाभ्यात जास्त आणि कवचात कमी असायला हवं. त्यांनी अरेसिबोने गाभा आणि ग्रीन बँकच्या दुर्बिणीने भोवतालचं कवच मोजलं. चार ढग घेतले, त्यांत एक एल-१५४४. चारही ठिकाणी उलटं निघालं. कवचातलं क्षेत्र इतकं क्षीण की कवचाचंच गुणोत्तर जास्त भरलं.

यानंतरची चकमक वाचण्यासारखी आहे. मुशोव्हियास आणि टासिस यांनी आक्षेप घेतला की कवचातल्या चार बिंदूंची सरासरी काढताना क्षेत्र सगळीकडे सारखं आहे असं गृहीत धरलं आहे. ते नसेल तर सगळी आकडेमोड कोसळते. कवचातले आकडे तर त्रुटीच्या मर्यादेतच हेलकावे खात होते. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या आकड्यांवर ना सिद्धांत फाशी जाऊ शकत होता, ना निर्दोष सुटू शकत होता. तंटा तसाच राहिला. पुढे १ डिसेंबर २०२० रोजी अरेसिबोचा नऊशे टनांचा मंचच तबकडीवर कोसळला आणि ते साधनच गेलं.

तोवर चीनच्या ग्वेइचौ प्रांतातली पाचशे मीटरची ‘फास्ट’ दुर्बीण सज्ज झाली होती. तिने कवच मोजायला एक निराळी युक्ती वापरली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट हीच. रेणवीय ढगातही थोडा अणुरूप हायड्रोजन शिल्लक असतो. तो इतका गार असतो की मागून येणाऱ्या हायड्रोजनच्या झगमगाटात तो स्वतःची एक अरुंद काळी चीर पाडतो. ही चीर दी ली आणि पॉल गोल्डस्मिथ यांनी २००३ साली पद्धतशीर वापरात आणली होती. ती अरुंद असल्यामुळे आडवा ‘एस’ तिच्यात जास्त ठसठशीत उमटतो. आणि ती नेमकी त्या थरातून येते जो आजवर हाती लागत नव्हता: बाहेरचा अणुरूप वायू आणि आतला रेणवीय गाभा यांच्यामधलं कवच.

ताओ-चुंग चिंग, दी ली, कार्ल हाइल्स आणि सहकाऱ्यांचा निकाल जानेवारी २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. कवचातलं क्षेत्र ३.८ मायक्रोगॉस, त्रुटी फक्त ०.३. हर्ट्झमध्ये मांडायचं तर १४२ कोटींच्या रेषेत दहा हर्ट्झची फट त्यांनी एका हर्ट्झहूनही कमी चुकीने मोजली. पण गंमत आकड्याच्या अचूकपणात नाही, त्याच्या साधेपणात आहे. भोवतालच्या विरळ, अजून ढगही न झालेल्या वायूत क्षेत्र साधारण एवढंच असतं. वायू दाट होत ढगाच्या कवचापर्यंत आला तरी चुंबकत्व जवळपास वाढलंच नाही. वस्तुमान वाढलं, चुंबकत्व होतं तेवढंच राहिलं. परिणामी गुणोत्तर कवचातच मर्यादेच्या अडीच ते साडेतीन पट होऊन बसलं आहे.

थोडक्यात, गुरुत्वाने ही लढाई गाभ्यात नाही, त्याच्या खूप आधी, वेशीवरच जिंकली होती. आत पोहोचेपर्यंत पंचात बांधलेलं काहीच उरलेलं नव्हतं. ताफायांना १९९८ मध्ये लांबवर दिसलेली हालचालही मग गूढ राहत नाही. कवचच धरलेलं नसेल तर ते हलणारच.

चुंबकत्व न वाढवता वस्तुमान कसं वाढवायचं, याचं सरळ उत्तर म्हणजे रेषांना आडवं न जाता त्यांच्या बाजूने वाहत येणं. तारेवरून मणी सरकावेत तसं. मणी एका जागी गोळा होतात, तारा जवळ येत नाहीत. याचा हिशेब मी एकदा पाकिटाच्या मागे करून पाहिला. चार मायक्रोगॉसची मर्यादा ओलांडायला एका चौरस सेंटीमीटरच्या स्तंभात साधारण एकावर एकवीस शून्यं इतके हायड्रोजनचे अणू जमायला हवेत. विरळ गार वायूत घनसेंटीमीटरला चाळीसेक अणू धरले तर रेषांच्या बाजूने पंचवीस-तीस प्रकाशवर्षं लांबीतला वायू गोळा केला की काम झालं. खरं क्षेत्र मोजलेल्या घटकाच्या दुप्पट असेल तर लांबीही दुप्पट. आकाशगंगेत हे अंतर काहीच नाही. एखाद्या अतिनवताऱ्याच्या फुगत जाणाऱ्या कवचाने एवढा वायू सहज एका बाजूला लोटला जातो. खळबळीमुळे रेषा तुटून पुन्हा जुळतात आणि त्यातून चुंबकत्व निसटतं, असाही एक पर्याय लझारियन आणि व्हिश्नियाक यांच्या कामातून पुढे आला आहे. कदाचित दोन्ही एकत्र घडत असतील.

निकालाला मर्यादा आहेत. हा एकच ढग आहे, आणि झीमनचा आकडा एकाच दिशेतला. क्षेत्र आपल्या नजरेला बरंच तिरकं असेल तर खरी ताकद वाढते आणि गुणोत्तर खाली येतं. तरीही अडीच-तीन पटीतून मर्यादेखाली यायला कोन बराच प्रतिकूल असावा लागेल, आणि तो गार वायूपासून कवचापर्यंत सगळीकडे तसाच असावा लागेल.

मग मेस्टेल-स्पिट्झरची निथळण्याची कल्पना मोडीत काढायची का? तेही होणार नाही, कारण दुसऱ्या टोकाला तिच्यावाचून भागत नाही. ढगाचं सगळं चुंबकत्व वायूसोबत आत आलं असतं आणि वायू सूर्याएवढ्या गोळ्यात दाबला गेला असता, तर नव्या ताऱ्याचं क्षेत्र कोट्यवधी गॉसमध्ये निघालं असतं. कोवळ्या ताऱ्यांवर प्रत्यक्षात मोजलं जातं ते काही हजार गॉस. म्हणजे बहुतांश चुंबकत्व कुठेतरी गळून जातं, आणि ते जिथे भारित कण जवळजवळ संपतात अशा अतिदाट गाभ्यात आणि ताऱ्याभोवती तयार होणाऱ्या चकतीत गळत असणार. सरकारी भाषेत, अँबिपोलर डिफ्यूजनचं निलंबन झालेलं नाही, बदली झाली आहे: ढगाच्या वेशीवरून थेट चकतीच्या दारात.

एल-१५४४मध्ये ती चकती अजून बनलेली नाही. गाभ्यात अंधार आहे, कार्बन मोनॉक्साइडचा बर्फ आहे, आणि ताशी ३६० किलोमीटरने वायू आत येतो आहे.